चेहऱ्याच्या जागी डाग: दुकानातला एचडी कॅमेरा नक्की काय देतो

२०११ ची गोष्ट आहे. पुण्याच्या रविवार पेठेत आमच्या काकांचं स्टीलच्या भांड्यांचं होलसेल दुकान, दिवाळीच्या आधीचा आठवडा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला गल्ल्याशेजारी ठेवलेली वसुलीची पिशवी गायब. ३८ हजार रुपये होते त्यात. दुकानात चार कॅमेरे होते, त्याच वर्षी बसवलेले, म्हणून काका म्हणाले घाबरायचं कारण नाही, रेकॉर्डिंग बघू. बघितलं. पिशवी उचलणारा हात दिसला, माणूस दिसला, निळसर शर्ट दिसला, पण चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. आणि त्या दिवशी आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने निळाच शर्ट घातला होता.

त्याला तोंडावर कुणी चोर म्हटलं नाही. पण जो तो ते रेकॉर्डिंग बघायचा आणि मग त्याच्याकडे बघायचा. आठवड्याभरात तो काम सोडून गेला. दोन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीत एका माणसाला अशीच पिशवी उचलताना लोकांनी पकडलं आणि त्याने आमच्या दुकानातलंही कबूल केलं. काका त्या पोराच्या घरी दोनदा जाऊन आले, तो काही परत आला नाही.

मी या धंद्यात पडलो तो तिथून. आता पेठांमध्ये, भोसरीला, चाकणला कॅमेरे बसवतो आणि रोज कुणीतरी विचारतं, दादा किती मेगापिक्सेलचा घेऊ? मला त्याच्या आधी एक गोष्ट सांगावीशी वाटते, की धूसर कॅमेरा हा कॅमेरा नसण्यापेक्षा वाईट. कॅमेरा नसला तर आपण म्हणतो माहीत नाही कुणी नेलं. धूसर असला की आपल्या मनात आधीपासून ज्याच्यावर संशय असतो त्याचाच चेहरा आपण त्या डागावर चिकटवतो. म्हणून एचडी म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

आधी तो डाग का आला ते सांगतो. त्या वेळच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीत, हार्ड डिस्क पुरावी म्हणून बहुतेक ठिकाणी चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं साठवलं जायचं, म्हणजे सगळं मिळून एक लाखाच्या आसपास ठिपके, पिक्सेल म्हणतो ते. काकांचा कॅमेरा साधारण ४ मीटर रुंदीची जागा बघत होता. ३५२ ला ४ ने भागा, एका मीटरला ८८ पिक्सेल आले. माणसाचा चेहरा अंदाजे १६ सेंटीमीटर रुंद धरतात, म्हणजे त्या माणसाच्या अख्ख्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे १४ पिक्सेल. १४ चौकोनांच्या कागदावर डोळे, नाक, मिशी, जखमेचा व्रण काढून दाखवा बरं. तेव्हा सगळे म्हणत होते झूम करा, झूम करा. पोळी लाटून मोठी केली म्हणून आतलं पुरण वाढत नाही, तसंच आहे ते, झूम केल्यावर तेच १४ ठिपके मोठे होऊन समोर येतात.

आता तीच ४ मीटर जागा १०८०पी कॅमेऱ्याने बघा. फुल एचडी म्हणतात ते हेच, १९२० बाय १०८०, जवळपास २१ लाख पिक्सेल, म्हणून त्याला २ मेगापिक्सेल म्हणतात. मीटरला ४८० पिक्सेल, चेहऱ्याला ७७. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, ८३ लाखांच्या आसपास, त्यात त्याच चेहऱ्याला १५४. पण जागा तीच ठेवली तर हां! हीच खरी गोम आहे. कॅमेरा २१ लाख पिक्सेलच देणार, ते तुम्ही ४ मीटरच्या दारावर वापरता का २० मीटरच्या गोडाऊनवर पसरवता हे तुमच्या हातात आहे. २० मीटरवर पसरवले की मीटरला ९६ उरतात, म्हणजे नवाकोरा एचडी कॅमेरा घेऊन तुम्ही परत काकांच्या २०११ च्या डागापाशी आलात.

यासाठी एक युरोपियन स्टँडर्ड आहे, ईएन ६२६७६-४, आणि मी गिऱ्हाइकाला कागदावर त्याच्या २०१५ च्या आवृत्तीतले हेच चार आकडे लिहून देतो. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल. कपडे कसे, काय चाललंय हे बघायला ६२. आपल्या ओळखीचा माणूस हा तोच आहे असं म्हणायला १२५. आणि अनोळखी माणसाची शंकेला जागा न ठेवता ओळख पटवायला २५०. काकांचे ८८ कुठे बसतात बघा, कपडे कळण्याच्या पुढे आणि ओळखीचा माणूस ओळखण्याच्या अलीकडे. म्हणजे शर्ट कळत होता, माणूस कळत नव्हता, आणि आम्ही शर्टावरून माणूस ठरवला.

उलट्या बाजूने हिशोब केला तर फुल एचडी कॅमेरा ओळख पटवण्यासाठी जास्तीत जास्त साडेसात मीटर रुंदी बघू शकतो आणि ४के त्याच्या दुप्पट. हा भागाकार मोबाईलवर दहा सेकंदात होतो, कुठलाही कॅमेरा घेण्याआधी करा.

म्हणूनच "एकाच कॅमेऱ्यात अख्खं दुकान आलं पाहिजे" ही मागणी आली की मी दोन मिनिटं थांबवून बोलतो. २.८ एमएमची लेन्स लावली की जवळपास १०० अंशांचं दृश्य दिसतं, दुकान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत येतं, मालक खूश होतात, पण प्रत्येक माणूस बारका होतो. ६ एमएमला दृश्य साधारण निम्मं होतं आणि माणूस मोठा. माझी पद्धत अशी की एक कॅमेरा रुंद, काय घडलं ते कळायला, आणि एक कॅमेरा फक्त दारावर आवळून, कोण आलं ते कळायला. दारातून प्रत्येकाला जावंच लागतं, आत येताना नाही तर बाहेर पडताना तरी. आणि तो दारावरचा कॅमेरा छताला चिकटवायचा नाही, सात फुटांच्या आसपास घ्यायचा, पुण्यात तर हे फारच महत्त्वाचं कारण निम्मे लोक हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून दुकानात शिरतात, मुली गाडीवरून उतरतात तेव्हा स्कार्फ डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला असतो, कुणाची टोपी असते, वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ८३ लाख पिक्सेलमध्ये अतिशय सुंदर हेल्मेट दिसतं, दुसरं काही नाही. आत आल्यावर, काउंटरपाशी बोलताना माणूस स्कार्फ खाली घेतो, म्हणून तिसरा कॅमेरा काउंटरवर, गल्ल्याच्या मागून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे हे सगळं इथपर्यंत कसं आलं ते कळेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत पेनेम्युंडे नावाच्या ठिकाणी व्ही-२ रॉकेटच्या चाचण्या चालायच्या, जवळ उभं राहणं धोक्याचं, म्हणून वॉल्टर ब्रुख नावाच्या इंजिनियरने १९४२ मध्ये कॅमेरा आणि वायर लावून लांबून बघायची सोय केली, सीसीटीव्हीची सुरुवात तिथून धरतात. याच ब्रुखने पुढे ६० च्या दशकात पाल ही रंगीत टीव्हीची पद्धत काढली, आणि आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो याच पालवर. सेकंदाला २५ चित्रं आणि दिसणाऱ्या ५७६ रेघा, हे माप टीव्हीसाठी ठरलेलं, पण आपले सगळे जुने अॅनालॉग कॅमेरेही त्यातच अडकून बसले होते, कारण वायर, मॉनिटर, रेकॉर्डर सगळं त्याच मापाचं. आत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, कितीही चांगला टाका, रेघा ५७६च.

ती कोंडी फुटली दोन बाजूंनी. एक म्हणजे स्वीडनच्या अॅक्सिस कंपनीने १९९६ मध्ये नेटआय २०० हा कॅमेरा काढला जो थेट कॉम्प्युटरच्या नेटवर्कला जोडायचा, पहिला आयपी कॅमेरा. आज ऐकून नवल वाटेल, तो सेकंदाला एक छोटं चित्र द्यायचा आणि मोठं हवं असेल तर १७ सेकंदांना एक. पण टीव्हीच्या ५७६ रेघांशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे रस्ता मोकळा झाला. २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनीने मिळून ऑनव्हिफ ही सगळ्यांसाठी एकच पद्धत सुरू केली, त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलायला लागला. दुसरी बाजू म्हणजे जुन्याच कोअॅक्सियल वायरवरून एचडी पाठवायची युक्ती, एचडी-सीव्हीआय, टीव्हीआय, एएचडी ही नावं ऐकली असतील, ती २०१२ नंतर आली आणि पेठेतल्या दुकानदारांना खरा फायदा त्याचा झाला. जुन्या वाड्यातलं दुकान, सागवानी तुळया, भिंतीतून एकदा कशीबशी ओढलेली वायर, ती काढायची म्हटलं तर निम्मं प्लॅस्टर निघणार. तिथे वायर तीच ठेवून फक्त कॅमेरे आणि डीव्हीआर बदलले की झालं.

नवीन काम असेल तर मी आयपीच सांगतो. एकाच कॅट-६ केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं, त्याला पीओई म्हणतात, १०० मीटरपर्यंत चालतं. फक्त वायर घेताना डोळे उघडे ठेवा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी केबल स्वस्तात मिळते, आणि मग तक्रार येते की कॅमेरा दिवसा नीट चालतो, रात्री बंद-चालू होतो. कारण साधं आहे, रात्री इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट मागतो आणि लांबच्या हलक्या वायरमध्ये व्होल्टेज पडतं. लोक कॅमेरा बदलत बसतात. केबल कापून बघा, तार चाकूने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या.

आता साठवण. फुल एचडीची सेकंदाला २५ चित्रं जशीच्या तशी साठवली तर एका कॅमेऱ्याला १ टीबीची डिस्क पावणेदोन तासांत भरेल. हे परवडणारंच नाही, म्हणून कॉम्प्रेशन. आणि ते कसं चालतं हे दुकानदाराला समजवायला सोपं जातं कारण तो रोज तेच करतो: महिन्याच्या सुरुवातीला एकदा सगळा स्टॉक मोजून लिहायचा, नंतर रोज फक्त काय आलं आणि काय गेलं तेवढंच मांडायचं. कॅमेराही दर एक-दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र साठवतो आणि मधल्या चित्रांमध्ये फक्त बदल लिहितो. मागची भिंत हलत नाही, रॅक हलत नाहीत, ते परत कशाला लिहायचं? २००३ मध्ये आलेलं एच.२६४ हे असं करतं, २०१३ चं एच.२६५ तेच जास्त हुशारीने करतं आणि साधारण निम्म्या जागेत भागवतं.

हिशोब असा: एच.२६४ वर फुल एचडी कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, दिले तर दिवसाला ४३ जीबी. आठ कॅमेरे, तीस दिवस, १० टीबीच्या थोडं वर. एच.२६५ केलं तर ५-६ टीबीत बसतं. इथे पैसे वाचवायला बरेच जण ते ४ एमबीपीएस कमी करून १ वर आणतात, आणि रिकाम्या दुकानात काही फरक दिसत नाही, म्हणून वाटतं जमलं. मग गणपती येतात. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानाचं विसर्जनाच्या दिवसाचं फुटेज मी बघितलंय, बाहेर ढोल-पथक, गुलाल, माणसांचा पूर, प्रत्येक चित्रात प्रत्येक ठिपका बदललेला, आणि कॅमेऱ्याला लिहायला जागा मात्र तेवढीच, मग तो काय करणार, चित्राचे चौकोन चौकोन केले. नेमक्या ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज होती त्या दिवशी एचडी कॅमेऱ्याचं चित्र काकांच्या डीव्हीआरसारखं. बिटरेट, म्हणजे हे एमबीपीएस, हा गर्दीच्या दिवसासाठी ठरवायचा असतो, मंगळवारच्या रिकाम्या दुपारसाठी नाही.

रात्रीबद्दल जरा जास्त बोलतो कारण फसगत तिथेच होते. कॅमेऱ्यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे प्रकाश गोळा करणारं एक भांडं. सेन्सरचा आकार तोच ठेवून त्यावर चौपट पिक्सेल बसवले की प्रत्येक भांडं चौथाई होतं. १/२.८ इंचाच्या सेन्सरवर २ मेगापिक्सेलचा पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉनचा असतो, त्याच आकारावर ८ मेगापिक्सेल बसवले की १.४५ चा. पागोळीखाली घमेलं ठेवणं आणि वाटी ठेवणं यात जो फरक तोच. म्हणून अंधाऱ्या पार्किंगमध्ये स्वस्तातल्या ४के पेक्षा चांगल्या सेन्सरचा २ मेगापिक्सेल उजवा ठरतो, हे मी दोन्ही शेजारी लावून बघितलंय.

इन्फ्रारेड लागला की चित्र काळं-पांढरं होतं, रंग जातात, आणि काही काळे कपडे त्यात चक्क पांढुरके दिसतात, त्यामुळे रात्रीच्या फुटेजवरून "करड्या शर्टातला माणूस" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. गल्ल्यावर तर रंग हवाच. पाचशेची नोट करडी, दोनशेची पिवळी, शंभरची जांभळट, रंग असेल तर नोट ओळखता येते, काळ्या-पांढऱ्यात सगळ्या सारख्याच. "मी पाचशे दिले होते, तुम्ही दोनशेचेच धरले" हा वाद पुण्यात प्रत्येक काउंटरवर महिन्यातून एकदा तरी होतो, आणि तो दोन मिनिटांत, आवाज न चढवता, गिऱ्हाइकाचा मान राखून मिटवणं हा एचडीचा माझ्या मते सगळ्यात मोठा रोजचा उपयोग आहे. चोरी वर्षातून एखाद्या वेळी होते, हिशोबाचा वाद रोजचा. गल्ल्यावर रात्री एक साधा पांढरा एलईडी चालू ठेवा, कॅमेरा रंगात राहील.

गाडीच्या नंबरचं वेगळंच आहे. स्कूटर ताशी २० किलोमीटरने गेटमधून गेली म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अंधारात कॅमेरा शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो, तेवढ्यात स्कूटर २२ सेंटीमीटर सरकते, आणि दुचाकीची लहान नंबर प्लेट असते २० सेंटीमीटर रुंद. म्हणजे प्लेट स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त फिसकटते. मेगापिक्सेल कितीही वाढवा, उपयोग शून्य. शटर १/५०० करा, सरकणं सेंटीमीटरभर उरतं, पण मग प्रकाश जास्त लागतो. म्हणून नंबरसाठी वेगळा कॅमेरा, वेगळं सेटिंग, आणि गेटवर एक स्पीडब्रेकर. स्पीडब्रेकरने जेवढं काम होतं तेवढं महागड्या कॅमेऱ्याने होत नाही.

आणि दुपारचं ऊन. पश्चिमेला तोंड असलेलं दुकान, कॅमेरा आतून दाराकडे बघतोय, मागे लख्ख उजेड, येणारा माणूस नुसती काळी सावली. यावर डब्ल्यूडीआर असतं, कॅमेरा क्षणार्धात लागोपाठ कमी-जास्त उजेडाची चित्रं घेऊन जोडतो. घेताना खरं डब्ल्यूडीआर आहे ना, १२० डीबी लिहिलंय ना बघा, नुसतं डिजिटल डब्ल्यूडीआर म्हणजे नंतर चित्र उजळवणं, त्याने सावलीतला चेहरा परत येत नाही.

कारखान्यांत फायदा वेगळा दिसतो. भोसरीत आमच्या ओळखीच्या एका दादांचं प्रेस पार्ट्सचं वर्कशॉप आहे, चाकणला माल जातो. चलनावर ४८ बॉक्स, तिकडून फोन की ४६ आले. आधी दर वेळी दोन बॉक्सचे पैसे सोडून द्यायचे, आणि ड्रायव्हर आणि लोडिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवायचे. लोडिंगच्या जागेवर एकच कॅमेरा नीट आवळून लावला, बॉक्सवरचं मोठं लेबल वाचता येईल असा, आणि आता टेम्पो सुटायच्या आधी क्लिप चलनासोबत पाठवतात. पुढे त्याच कॅमेऱ्यात एकदा दिसलं की फोर्कलिफ्ट मागे येताना एक कामगार अगदी हातभर अंतराने वाचला, कुणी तक्रार केली नव्हती, त्यालाही जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादांनी तिथे पिवळे पट्टे मारून घेतले. चोर सापडला नाही तरी कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात ते असे.

आता पोलीस आणि कोर्ट. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीचा स्फोट पुण्यात कुणी विसरलेलं नाही, तपासात फुटेज किती मोलाचं असतं हे तेव्हापासून इथल्या दुकानदारांनाही कळलंय. पण फुटेज असणं आणि ते कोर्टात टिकणं यात अंतर आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात उमेदवारी अर्ज वेळेत आला का नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं, खोतकर आणि गोरंट्याल या दोन उमेदवारांमधलं ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये कोर्टाने पक्कं केलं की कॉपी द्यायची असेल तर सोबत ती कशी काढली याचं सर्टिफिकेट लागणारच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ साठी अनुसूचीत त्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय, एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. त्यामुळे घटना घडली की मोबाईलने मॉनिटरचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, डीव्हीआरमधून मूळ फाइल काढा, ती फाइल उघडून परत सेव्ह करू नका, आणि डीव्हीआर स्वतः जपा.

आणखी एक, आजकाल एआय लावून धूसर चेहरा स्पष्ट करून देणारी अॅप्स आलीत. ती चेहरा शोधत नाहीत, अंदाजाने नवीन काढतात. ज्या १४ पिक्सेलमध्ये माहितीच नाही तिथून कुणाचा तरी गोरागोमटा, रेखीव चेहरा तयार होतो आणि तो बघून आपल्याला खात्री वाटायला लागते. हे मला फार भीतीचं वाटतं. आमच्या दुकानात २०११ ला हे अॅप असतं तर त्या पोराचं काय झालं असतं?

कॅमेरा हा कॉम्प्युटर आहे हेही लक्षात ठेवा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला, ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येकांना उघडेनात. त्यातले कॅमेरे तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच दुकानातले. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि बसवणाऱ्याकडून, म्हणजे माझ्यासारख्याकडूनसुद्धा, काम संपल्यावर बदलून घ्या. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या पास व्हाव्या लागतात, तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन, एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचं सर्टिफिकेट आहे का एवढं विचारा.

कामावरच्या माणसांना कॅमेरे कुठे आहेत ते सांगा, पाटी लावा. ट्रायल रूम, बाथरूम, बायकांची कपडे बदलायची जागा, तिथे कॅमेरा लावायचाच नाही, बायकांचं असं चित्रण हा थेट गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. डबा खायच्या जागेवरही लावू नका असं माझं म्हणणं, कायदा काहीही म्हणो, जेवताना माणसावर नजर ठेवू नये.

आणि शेवटी बसवून झाल्यावर बिल देण्याआधी ही परीक्षा घ्या. रात्री आठला, दुकानातले नेहमीचे दिवे लावून, बसवणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला एखादा माणूस बाहेरून नेहमीच्या चालीने आत येऊ दे, काउंटरवर पाचशेची नोट देऊ दे, सुट्टे घेऊन बाहेर जाऊ दे. मग ती तीन मिनिटं पेनड्राईव्हवर काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, शेजारच्या दुकानात जाऊन उघडा. जो त्या माणसाला कधीच भेटला नाही त्याला चार जणांच्या फोटोंतून तो ओळखता येतो का बघा. स्क्रीनवरची वेळ मोबाईलशी जुळते का बघा, कारण डीव्हीआरमधला बटन सेल संपला की घड्याळ भरकटतं आणि बिलाची वेळ आणि फुटेजची वेळ जुळत नाही. मग गुरुवारी मेंटेनन्सला लाईट गेली की कॅमेरे इन्व्हर्टरवर किती वेळ टिकतात ते मोजा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला २५ दिवस मागचं रेकॉर्डिंग उघडून बघा, लाईव्ह चित्र दिसत असतं आणि डिस्क मात्र चार महिन्यांपूर्वीच मेलेली असते, असं मी निदान दहा ठिकाणी पाहिलंय.

काकांच्या दुकानात ही परीक्षा आता दर दिवाळीच्या आधी होते. चालून दाखवायला दर वेळी दुकानाबाहेरचा कुणीतरी बोलावतात, आणि रेकॉर्डिंग बघायला कामावरच्या सगळ्या पोरांना समोर बसवतात.